परमिट रूम आणि गोवेकर वादक

प्रभादेवीहून गोखले रोडने दादरच्या दिशेने निघाले की पोर्तुगीज चर्च लागते. १५९६ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या या देवालयाची आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या कल्पनेतून १९७०च्या दशकात साकार झाली. याच टापूतील ‘बॉम्बे लॅब’मध्ये हिंदी चित्रपटांची कितीतरी गीते ध्वनिमुद्रित झाली. गिरणगावाच्या संगीताचा इतिहास लिहिताना शाहीर आणि तमासगीर आठवतात, ते योग्यच आहे. परंतु हाती व्हायोलिनची पेटी किंवा ट्रम्पेट घेऊन रात्री उशिरा घरी परतणारा ख्रिस्ती वादक या इतिहासात क्वचितच भेटतो. आमच्या समाजाच्या इतिहासातही तो भेटत नाही, याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

हे लिहिण्यास एक खासगी कारण आहे. दीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांत आम्ही मध्य मुंबईतील एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. तेथे एका वृद्ध व्हायोलिनवादकाचा अंत्यविधी आमच्या वाट्याला आला. ‘हॉटेलात वाजवायचा, प्यायचाही’ एवढेच आम्हांला कोणीतरी सांगितलेले. त्या ऐकीव माहितीवर आम्ही प्रवचनात मनुष्याच्या दुर्बलतेविषयी आणि देवाच्या क्षमेविषयी बरेच बोललो. मिस्सा आटोपल्यावर त्यांची बहीण सॅक्रिस्टीच्या दाराशी आली. आवाज न चढवता ती म्हणाली, “फादर, चाळीस वर्षं नाताळच्या मध्यरात्री या चर्चमध्ये व्हायोलिन कोण वाजवत होतं, ते तुम्हांला कोणी सांगितलं नाही का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून संगीताची शाळा असे. तेथील मेस्त मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवी; व्हायोलिनही हाती देई. मुलाने चर्चमध्ये गावे-वाजवावे, हा त्यामागचा हेतू. पण जे शिक्षण देवाच्या सेवेसाठी मिळाले, तेच पोटाचे साधन झाले. गावात शेती तुटपुंजी, म्हणून तरुण मुंबई गाठत आणि धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडा’त पथारी टाकत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझ या शहरात रुजू लागले. गोवेकर वादकांनी ते झटपट आत्मसात केले. हळदोण्याचे आन्तोनियो झेव्हियर वाझ तर ‘चिक चॉकलेट’ या नावाने इतके गाजले, की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

मग आली दारूबंदी. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. त्यामागे मोरारजी देसाई यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. ज्या हॉटेलांच्या दिवाणखान्यांत वाद्यवृंद पोसले जात, त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार तुटला. नृत्याचे कार्यक्रम चहाकॉफीवर होऊ लागले. मद्यपान मात्र थांबले नाही. ते गल्लीत, घराच्या मागल्या खोलीत शिरले. नवसागर घालून हातभट्टी लावली जाऊ लागली आणि ‘आंटीचा गुत्ता’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या बोलीत कायमचा रुजला.

या आंटीविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. गुत्ते चालवणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते, पुरुषही होते. तरी चित्रपटांनी उचलली ती झगा घातलेली ख्रिस्ती बाई, आणि तिच्या जोडीला डुलत चालणारा बेवडा पीटर. नवरा बोटीवर किंवा देवाघरी, पदरी मुले आणि हाताला दुसरे काम नाही, अशी स्त्री काय करील, याचा विचार पटकथाकाराने केला नाही. खरे सांगायचे तर आम्ही धर्मगुरूंनीही तो पुरेसा केला नाही. व्यासपीठावरून निषेध केला की कर्तव्य संपले असे मानले. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही जवळून पाहिली आहेत, म्हणून त्या धंद्याची भलावण आमच्याकडून होणार नाही. पण कायद्याने एका रात्रीत गुन्हेगार ठरवलेल्या माणसांमध्ये आमच्या प्रार्थनासभांतील माणसेही होती.

वादकांना आधार मिळाला तो ध्वनिमुद्रणगृहांचा. प्रिन्सेस स्ट्रीटवरील आल्फ्रेड उपाहारगृहात वादक जमत आणि तेथून त्यांना काम मिळे. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणत; ती कागदावर उतरवून तीस-चाळीस वाद्यांत वाटून देणारा अरेंजर बहुधा गोवेकर असे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबास्तियन डिसोझा यांनी केले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे चिक चॉकलेट होते. १९५१च्या ‘अलबेला’त चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. त्या चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक भगवान हे गिरणी कामगाराचे पुत्र. गिरणगाव आणि गोवा यांची अशी गाठ अन्यत्र आम्हांला आढळलेली नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनीचा प्रयोग केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे १९६०च्या दशकात ते अमेरिकेला गेले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात त्यांचे नाव आले, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे. देशभर लोकांनी ते नाव गुणगुणले. पण ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, हे किती जणांना ठाऊक होते? २०१२ साली ते निवर्तले.

१९६०च्या दशकात परवाना देण्याचे नियम सैल झाले आणि चर्चगेटच्या उपाहारगृहांत पुन्हा रंग भरला. मडगावचे क्रिस पेरी आणि धोबी तलावची लॉर्ना कोर्देरो यांनी तेथे रात्री गाजवल्या. त्यांच्या एका लोकप्रिय कोंकणी गीताचे शीर्षकच ‘बेबदो’, म्हणजे दारुडा. १९७०च्या दशकात लॉर्ना गाण्यातून दिसेनाशी झाली आणि १९९५ साली परतली. त्या कहाणीवर २०१४ साली ‘नाचोंया कुंपासार’ हा चित्रपट निघाला. दारूबंदीचा कायदा मात्र आजही पुस्तकात आहे. मुंबईतील बारच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ हे शब्द दिसतात ते त्यामुळेच.

त्या अंत्यविधीनंतर काही महिन्यांनी धीर करून आम्ही त्या भगिनींच्या चाळीतील खोलीवर गेलो. व्हायोलिन भिंतीवर होते. तारा उतरवून ठेवलेल्या. त्यांच्या हातच्या स्वरलिपीचे कागद कोठे आहेत, असे आम्ही विचारले. एक पत्र्याची ट्रंक भरून होते, त्या म्हणाल्या. चित्रपटांचेही होते आणि नाताळच्या मिस्सेचेही. पावसाळ्यापूर्वी घर आवरताना सगळे रद्दीवाल्याला दिले. कोणी मागायला आले नव्हते.