सवाल कुणाचा, जवाब कुणाचा

निवडणुकीची सभा आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. उमेदवार माईक हातात घेतो आणि विचारतो, "पाणी मिळालं का?" समोरून आवाज येतो, "नाही!" "रस्ता झाला का?" "नाही!" "मग यांना घरी बसवायचं की नाही?" "बसवायचं!" टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात आणि सभा रंगली असे आपण म्हणतो. आता जरा विचार करा. या सगळ्यात प्रश्न कोणी विचारले? उमेदवाराने. उत्तरे कोणी दिली? लोकांनी. म्हणजे परीक्षा ज्याची घ्यायची, तोच परीक्षक होऊन बसला!

हे उलटे करण्याचा प्रयत्न आपल्याकडे कधी आणि कसा झाला, तरुण मुलांना उमेदवारासमोर उभे राहून प्रश्न विचारायला कधी मिळाले, याविषयी आज बोलायचे आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. माझा जन्म १९७० चा. वडील तुर्भ्याच्या बाजारात तोलार होते. घरात दखनी, बाहेर मराठी, अशी आमची रीत. मतदानाचे वय पूर्वी एकवीस होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते अठरा झाले आणि २८ मार्च १९८९ पासून ही दुरुस्ती लागू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक आली. त्या वेळी अठरा-एकोणीस-वीस वर्षांची जी पहिली तुकडी मतदानाला गेली, तिच्यात मी होतो. नाक्यावर सभा होती. माझ्या खिशात कागदावर लिहिलेला एक प्रश्न होता : आमच्या वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका होईल का? भाषण संपले आणि मी हात वर केला. मागून कोणीतरी म्हणाले, "ए, बस खाली." अब्बांनी बाही ओढली आणि हळूच म्हणाले, "बेटा, उद्या कामावर जायचंय." मी बसलो. मत दिले, पण प्रश्न खिशातच राहिला. पुढे तो कागद धुण्यात गेला.

प्रश्न विचारणे हे आपल्या मातीला काही नवीन नाही. शाहिरांच्या फडात कलगी आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर बसत. एकाने कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच जवाब द्यायचा. हजारो माणसे बसलेली असत. टाळाटाळ केली तर ती तिथल्या तिथे उघडी पडे. पेशवाईच्या उत्तरार्धातले सगनभाऊ मुसलमान होते आणि होनाजीशी त्यांची चढाओढ महाराष्ट्राने कौतुकाने ऐकली. तेव्हा सवाल करणाऱ्याची जात किंवा धर्म नव्हे, तर त्याचा सवाल तोलला जाई. माझ्यासारख्या कविता करणाऱ्या माणसाला या गोष्टीचा अजूनही आधार वाटतो.

मात्र राज्यकर्त्याला प्रश्न विचारणे ही गोष्ट वेगळी. इंग्लंडात उमेदवाराने भाषण संपल्यावर सभागृहातल्या लोकांचे प्रश्न घ्यायचे, हा जुना रिवाज. आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून हातावर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले, ते अशाच रिवाजाच्या देशात. ज्या साहेबाच्या देशात एक हिंदी माणूस मतदारांपुढे उभा राहून निवडून येत होता, त्याच साहेबाच्या राज्यात हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाला मत नव्हते. पुढे मताधिकार आला तोही मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्या थोड्यांना. १९२८ साली सायमन आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यालाच मताची गरज सर्वांत जास्त, हे त्यांनी ओळखले होते.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार सतरा कोटींहून अधिक. पण त्या यादीची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढावी लागली, कारण नोंद करायला आलेल्याला त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. यातल्या बहुतेक जणी उत्तरेकडच्या प्रांतांतल्या. परक्या माणसापुढे नाव उच्चारायलाही जिथे संकोच, तिथे उमेदवाराला प्रश्न कोण विचारणार?

महाराष्ट्रात प्रश्नांना आवाज दिला तो शाहिरांनी. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर लढली गेली. बार्शीचे अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांच्या डफाने गिरणगाव जागा ठेवला. अमर शेखांचा पहाडी आवाज ऐकलेली माणसे आम्ही लहान असताना भेटत. ती सांगत की शाहीर आमच्या मनातले बोलत. पण लक्षात घ्या, तेव्हाही लोकांच्या वतीने कोणीतरी दुसरे बोलत होते. लोक ऐकत होते.

१९७७ पासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर प्रचाराच्या भाषणासाठी वेळ मिळू लागला. ही चांगली गोष्ट झाली. सत्ताधारी आणि विरोधक यांचे आवाज एकाच पेटीतून घरात आले. पण रेडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही. या क्षणी तुम्हीही मला विचारू शकत नाही, हे मला ठाऊक आहे!

१९८९ साली अठरा वर्षांच्या मुलांना मत मिळाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. कारण खोटे नव्हते. त्या निवडणुकांत पैसा, गुंडगिरी आणि रक्तपात शिरला होता. उपाय असा झाला की परीक्षेत जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी. आता गुण मिळवणे हे उत्तरे लिहिण्याचे कौशल्य. प्रश्न विचारण्याचे आणि विरोधकाचे ऐकून घेण्याचे शिक्षण वेगळे, आणि ते बंद पडले. एका हाताने मत दिले, दुसऱ्या हाताने सरावाचे मैदान काढून घेतले. २०१६ च्या कायद्यात अशा निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, पण प्रत्यक्षात त्या लांबतच गेल्या. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मात्र अध्यक्षपदाचे उमेदवार मतदानाआधी हजारो विद्यार्थ्यांसमोर एका मंचावर येतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, समोरच्यांचे प्रश्न घेतात. ही प्रथा तिथे विद्यार्थ्यांनीच घडवली. विचार कोणताही पटो वा न पटो, पद्धत शिकण्यासारखी आहे.

यानंतर एक मोठी गोष्ट घडली. उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता, त्याचे शिक्षण हे मतदाराला कळले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला आणि मार्च २००३ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून उमेदवार शपथपत्र भरतो आणि ते कोणालाही वाचता येते. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात प्रथमच कागद आला. नुसते "तुम्ही काय केले?" न विचारता "तुम्ही इथे असे लिहिले आहे, याचा अर्थ काय?" असे विचारता येऊ लागले. मुंबईत 'अग्नि'सारख्या नागरिक संघटनांनी वॉर्डातल्या उमेदवारांना एका मंचावर बसवून मतदारांशी गाठ घालून द्यायला सुरुवात केली. २००७ साली तर जुहूतून नागरिकांच्या गटांनी पुढे केलेला उमेदवार मुंबई महापालिकेत निवडून गेला.

आता पुन्हा तुर्भ्याकडे येतो. आमची नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाली आणि पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. एका बाजूला मूळ आगरी-कोळ्यांची गावे, दुसरीकडे बाजार समिती, माथाडींच्या वसाहती, एमआयडीसीचे कारखाने, डोंगराकडच्या वस्त्या. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी लढा दिला, गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मे झाले. म्हणजे प्रश्न विचारण्याची किंमत या भूमीला माहीत आहे.

महापालिकेची २०१५ ची निवडणूक २२ एप्रिलला झाली. पुढची २०२० मध्ये व्हायची. आधी करोना आला, मग आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे खटले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर गाडी हलली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली साडेपाच वर्षे नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. २०१५ मध्ये जो मुलगा सतरा वर्षांचा होता, त्याने महापालिकेसाठी पहिले मत दिले तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. काहींना तोवर मुले झाली! एका अख्ख्या पिढीने आपल्या गल्लीचा उमेदवार समोरासमोर पाहिलाच नव्हता.

म्हणून त्या मतदानाआधी आमच्या वस्तीतल्या काही मुलामुलींनी ठरवले की उमेदवारांना बोलवायचे. मला म्हणाले, "चाचा, तुम्ही सूत्रसंचालन करा, तुम्ही कुठल्या पक्षाचे नाही." काम वाटते तेवढे सोपे नाही. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय उमेदवार कोण हे पक्के होत नाही आणि प्रचार संपल्यावर सभा घेता येत नाही. मधले दिवस मोजके. पोलिसांची परवानगी हवी. सगळ्यांना एकच पत्र, एकाच दिवशी. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून. प्रत्येकाला सारखी मिनिटे. घोषणा नाहीत, गळ्यातले पट्टे दाराबाहेर. शिवाय या वेळी बहुतेक प्रभाग चार-चार जागांचे. उमेदवार इतके की एका खोलीत खुर्च्या पुरेनात. आणि चौघे मिळून जबाबदार म्हणजे कोणीच जबाबदार नाही, असे होऊ नये म्हणून प्रत्येकाने फक्त स्वतःपुरते बोलायचे, असा नियम केला.

प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून घेतले, नावाशिवाय. त्या चिठ्ठ्या निवडायला मी बसलो. इथे माझी एक चूक सांगतो. मला वाटले होते, आमच्या वस्तीतली मुले विशिष्टच प्रश्न विचारतील. उमेदवारही आले की नावे बघून म्हणतात, "तुमच्या समाजाचे प्रश्न सांगा." चिठ्ठ्यांत मात्र होते खेळाचे मैदान, रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलींसाठी बस, कारखान्यातली कंत्राटी नोकरी. एक चिठ्ठी मी बाजूला ठेवली. तिच्यावर लिहिले होते, "निवडून आल्यावर तुम्हाला भेटायचं असेल तर आधी कोणाला भेटावं लागेल?" मला ते उद्धट वाटले. पाहुण्यांना असे विचारतात का? शेजारी बसलेल्या मुलाने ती उचलून परत डब्यात टाकली. म्हणाला, "चाचा, तुम्हीपण 'बस खाली' म्हणणार का?" माझी १९८९ ची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती.

त्या संध्याकाळी ती चिठ्ठी निघाली. ज्यांना बोलावले त्यांतले निम्मेच आले होते. जे आले नाहीत त्यांची नावे एकदा वाचली, टीका केली नाही. प्रश्न वाचल्यावर खोली हसली आणि मग शांत झाली. एक उमेदवार म्हणाले, "थेट मलाच भेटा." तेव्हा मागून एक मुलगी उभी राहिली. चिठ्ठी तिचीच होती. स्वतःचे पूर्ण नाव सांगून ती म्हणाली, "मग वार आणि वेळ सांगा, मी लिहून घेते." त्यांनी क्षणभर विचार केला आणि वार सांगितला, वेळ सांगितली. दुसऱ्यांनाही मग सांगावी लागली. एकाने मात्र प्रामाणिकपणे सांगितले, "मला वेळ ठरवता येणार नाही, पण फोन मी स्वतः उचलीन." तेही लिहिले गेले.

अशा एका संध्याकाळने निकाल बदलत नाही. प्रश्नोत्तरांत उत्तम बोललेला उमेदवार चांगले काम करील याचीही हमी नाही. सवाल-जवाबात जिंकणारा शाहीर घरी कसा वागे, हे फडाला कुठे कळे! पण उत्तर लिहून ठेवले की ते हवेत विरत नाही. मत पाच वर्षांतून एकदाच मागितले जाते, आमच्याकडे तर अकरा वर्षांनी मागितले गेले. मधल्या काळात आपल्या हातात उरते ते हे लिहिलेले उत्तर.

ती वही एका शिंप्याच्या दुकानात ठेवली आहे. कोणीही जाऊन वाचावी. शेवटच्या पानावर मुलांनी एक ओळ लिहिली आहे : मतदानाला वर्ष झाले की याच खोलीत पुन्हा, याच प्रश्नांसह. निमंत्रणाचे पत्र लिहायचे काम त्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासणार आहे.