पडदा बदलला, बोटे तीच

ई-कोर्ट प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१५ साली सुरू झाला. देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांतील संगणकांवर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती वापरायची, असे त्यात ठरले. खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केली. बीड, अंबाजोगाई, माजलगाव येथील न्यायालयेही अर्थातच या योजनेत आली. परवान्याचे पैसे वाचतात आणि कोणा एका कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून निर्णय योग्यच होता. पण विंडोजवर हात बसलेल्या माणसाला अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. खिडकी बंद करण्याचे बटण विंडोजमध्ये उजव्या कोपऱ्यात असते. उबुंटूने ते २०१० साली डावीकडे नेले होते. हात सवयीने उजवीकडे जातो आणि तिथे काहीच नसते. पुढे २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटूने आपला 'युनिटी' हा डेस्कटॉप सोडून 'ग्नोम' स्वीकारला आणि ते बटण पुन्हा उजवीकडे आणले! मधल्या सात वर्षांत ज्यांनी कष्टाने डावीकडची सवय लावून घेतली, त्यांना आता ती मोडायची होती.

असे का होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहिले ते संगणकप्रणालीचे केवळ गाभ्याचे अंग. पडद्यावर काय दिसावे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. पडद्यावर खिडक्या काढण्याचे काम 'एक्स' नावाची दुसरी प्रणाली करी. ती १९८४ पासून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार होत होती. एक्सच्या कर्त्यांनी एक तत्त्व पाळले. खिडकी काढण्याची सोय आम्ही देऊ, पण ती कशी दिसावी, तिची बटणे कुठे असावीत, हे आम्ही ठरवणार नाही. ठरवणारा कोणीच नाही म्हटल्यावर ज्याने त्याने आपापले ठरवले. मटियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ मध्ये 'केडीई' सुरू केले. ते ज्या 'क्यूट' नावाच्या साहित्यावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी १९९७ मध्ये 'ग्नोम' काढले. दोन डेस्कटॉप झाले ते परवान्याच्या वादातून. वापरणाऱ्याच्या सोयीचा त्यात फारसा प्रश्न नव्हता. मराठीला याची किंमत मोजावी लागली. प्रत्येक डेस्कटॉपच्या मेनूंतील हजारो वाक्ये वेगवेगळी भाषांतरित करावी लागली. नवी आवृत्ती आली की काही वाक्ये पुन्हा इंग्रजीत उरत, आणि अर्धा मेनू मराठी, अर्धा इंग्रजी असा पडदा वाचणाऱ्याला मिळे.

खरा असंतोष उसळला तो २००८ नंतर. त्या वर्षी जानेवारीत केडीईची चौथी आवृत्ती आली. डेस्कटॉपवर फाइल ठेवायची जुनी रीतच तिने बदलली. ही आवृत्ती अजून रोजच्या कामाची नाही, असे कर्ते सांगत होते, पण वितरकांनी ती लोकांच्या हाती दिलीच. प्रबंध लिहून संपवण्याच्या घाईत असलेल्या आमच्यासारख्यांना त्या वर्षी हा बदल फार महागात पडला. खुद्द टोरवाल्ड्सही वैतागून ग्नोमकडे गेले. मग एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. तिने खिडकी लहान-मोठी करण्याची बटणे काढून टाकली, आणि संगणक बंद करण्याची आज्ञा 'ऑल्ट' कळ दाबून धरल्याशिवाय मेनूत दिसेनाशी केली. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावी संगणक बंद करण्याची आज्ञा शोधत बसावी लागणे, ही कल्पना ज्याला सुचली तो मराठवाड्यात कधी राहिलेला नसावा. टोरवाल्ड्स या वेळी 'एक्सएफसीई'कडे वळले आणि दोन वर्षांनी परत ग्नोमकडे आले.

इथे मुक्त प्रणालीचा एक गुण उपयोगी पडला. जुनी आवृत्ती कोणी कुलूपबंद करू शकत नाही. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुने ग्नोम उचलून 'माते' या नावाने पुढे चालू ठेवले. हे तिकडच्या एका चहासारख्या पेयाचे नाव आहे. केडीईची तिसरी आवृत्तीही 'ट्रिनिटी' नावाने जगली.

पण बुद्धीला बटणाची नवी जागा कळल्यावरही हात जुन्याच जागी का जातो? मेंदूत माहितीची स्मृती आणि कौशल्याची स्मृती वेगवेगळ्या असतात. १९५३ साली शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाची नव्या घटना लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला सुधारला, पण हे काम आपण आधी केले आहे हे मात्र त्याला आठवत नव्हते. रुग्णाचा भाग सोडला तर हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. दुहेरी रेषेची चांदणी काढा, हात पुठ्ठ्याआड झाकून केवळ आरशात पाहत दोन रेषांमधून पेन्सिल फिरवा आणि दर खेपेस लागणारा वेळ व चुका मांडा. पहिल्या दोन खेपांना होणारी चिडचिड ही डेस्कटॉप बदलणाऱ्या लिपिकाचीच चिडचिड आहे. सांगून हात सुधारत नाही, गिरवूनच सुधारतो.

बीडने यापेक्षा मोठे बदल पाहिले आहेत. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या कारकुनाला पुढे डावीकडून उजवीकडे लिहावे लागले. हाली सिक्का रुपया जाऊन भारतीय रुपया आला. सात हालीला सहा भारतीय, असा हिशेब रोज करावा लागे. तरी खासरा, पंचनामा, दाखला हे शब्द टिकले आणि त्यांच्या आधाराने माणसे निभावली. डेस्कटॉप बदलणारे नेमका हाच आधार काढून घेतात. नाव, जागा आणि चित्र तिन्ही एकदम बदलतात.

मराठी टंकलेखनात हे अधिक जाचते. टंकलेखन यंत्रावर 'कि' उमटवताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर दाबतात. इनस्क्रिप्ट या १९८६ च्या सरकारी कळफलकात, उच्चाराप्रमाणे, 'क' आधी आणि वेलांटी नंतर. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतो. विंडोजसाठी केलेली मराठी टंकनाची प्रणाली लिनक्सवर सहसा चालत नाही. म्हणजे डेस्कटॉप बदलताना लिपिकाला लिहिण्याची रीतही बदलावी लागते. मात्र एकदा इनस्क्रिप्ट बोटांत बसले की विंडोज, केडीई, ग्नोम कुठेही 'क' त्याच कळीखाली सापडतो. बदलते ती फक्त इंग्रजीतून मराठीत येण्याची कळ. पूर्वी ती बऱ्याच ठिकाणी 'कंट्रोल' आणि 'स्पेस' अशी होती. आता ग्नोमवर 'सुपर' आणि 'स्पेस' दाबावे लागते, आणि अंगठ्याशेजारचे बोट अजून जुन्याच कळीवर जाते.