नॉर्थोल्टचे पोलिश पाहुणे

कोल्हापूरकरांना पोलंड हा देश अगदीच परका नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या गोष्टी ऐकताना माझ्या मनात नेहमी येई, की यांचे पुरुष होते कुठे? कोणी फौजेत होते, कोणी रशियाच्या बंदिवासात मेले होते. आणि त्यांचे काही देशबांधव लंडनच्या आकाशात लढले होते. ती हकीकत मला विशेष वाटते.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून व रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. तेथले वैमानिक रुमानिया-हंगेरीच्या वाटेने फ्रान्सला गेले, आणि फ्रान्सही पडल्यावर इंग्लंडला आले. ऑगस्ट १९४० च्या आरंभी लंडनच्या पश्चिमेस नॉर्थोल्ट येथे त्यांची ३०३ क्रमांकाची लढाऊ तुकडी उभी राहिली.

इंग्रजांचा त्यांच्यावर काडीचाही भरवसा नव्हता. कालच हरून आलेली माणसे ती! शिवाय अडचणीही खऱ्याच होत्या. त्यांच्या जुन्या विमानांची चाके कायमची खाली असत. हरिकेन उतरवताना ती आठवणीने सोडावी लागत. वेग वाढवण्यासाठी जो दांडा मागे ओढायची सवय, तो येथे पुढे ढकलायचा. मीटरच्या जागी फूट, किलोमीटरच्या जागी मैल, आणि वर इंग्रजी भाषा! तेव्हा या मुरलेल्या वैमानिकांना रेडिओ बसवलेल्या तीनचाकी सायकलींवर चढवून मैदानात हुकमाबरहुकूम फिरवण्यात आले. रणात होरपळून आलेल्या गड्यांना तीनचाकी! त्यांना काय वाटले असेल, ते वाचकांनीच ताडावे.

३० ऑगस्टला सरावाचे उड्डाण चालू असता लुडविक पाश्केविच याला जर्मन विमाने दिसली. त्याने रेडिओवरून नायकाला कळवले. उत्तर आले नाही. तेव्हा तो सरळ रांग सोडून निघाला आणि एक विमान पाडूनच परतला. शिस्तभंगाबद्दल त्याला बोलणी बसली, पाठोपाठ शाबासकीही मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशी तुकडीला लढाईत उतरवण्यात आले. इंग्रजांचे शहाणपण म्हणायचे ते मला या दुसऱ्या दिवसात दिसते.

मग पाडलेल्या विमानांचे आकडे असे येऊ लागले की तळप्रमुख व्हिन्सेंट यांनाच शंका आली. ते स्वतः विमान घेऊन तुकडीच्या मागोमाग गेले आणि खात्री पटून परतले. शत्रूच्या अगदी अंगाला भिडल्याखेरीज हे लोक गोळी झाडीत नसत, हे त्यातले इंगित. सहा आठवड्यांत त्यांनी १२६ विमानांचा दावा केला. पुढे जर्मन नोंदींशी ताडून पाहता तो आकडा निम्म्याच्याही खाली येतो; पण त्या धुमश्चक्रीत सगळ्यांचेच दावे फुगले होते, आणि तरीही ही तुकडी पहिल्या रांगेतच राहते.

तुकडीतला सर्वांत मोठा शिकारी मात्र पोलिश नव्हताच! योसेफ फ्रांतिशेक हा चेक; १७ विमाने त्याच्या नावावर. रांगेत उडणे त्याला मानवेना, म्हणून त्याला 'पाहुणा' ठरवून एकट्याने हिंडायची मोकळीक देण्यात आली. ८ ऑक्टोबरला त्याचे विमान कोसळून तो गेला. पाश्केविच त्याआधीच, २७ सप्टेंबरला पडला होता.

युद्ध जिंकले, पण पोलंड मॉस्कोच्या पंखाखाली गेला आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने तेथील नव्या सरकारला मान्यता दिली. ८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयसंचलन झाले. ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यापैकी सुरुवातीला बोलावणे आले ते फक्त २५ वैमानिकांना. आमच्या पायदळाला नाही, आरमाराला नाही, तर आम्हीही येत नाही, म्हणून ते गेले नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ३०३ वी तुकडी मोडली. तिच्यातले अनेक जण मायदेशी परतलेच नाहीत. वळिवड्याची छावणी उठली तेव्हा तिथल्याही कितीतरी बायका मुलांना घेऊन, पोलंडला न जाता, फौजेतल्या आपल्या माणसांपाठोपाठ इंग्लंडला गेल्या.