नाइल किनिक : एक खेळाडू, एक पिता

मुलगा मैदानावर रमला की विद्येस मुकला, ही समजूत आपल्या घरोघरी फार जुनी आहे. ती ज्यांच्या मनी असेल त्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या नाइल किनिक या तरुणाचे चरित्र अवश्य पाहावे.

नाइलचा जन्म ९ जुलै १९१८ रोजी आयोवा राज्यातील एडेल या गावी झाला. त्याचे मातामह जॉर्ज क्लार्क हे त्या राज्याचे गव्हर्नर होऊन गेले होते. तो जो खेळ खेळे त्यास तिकडे फुटबॉल म्हणतात खरे. परंतु आपल्याकडील फुटबॉलशी त्याचे नावापुरतेच नाते. लांबट चेंडू हाती घेऊन धावायचे, तो फेकायचा, प्रसंगी पायाने उडवायचा. आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन खाली पाडायचे! अशा धसमुसळ्या खेळात पाच फूट आठ इंच उंचीचा हा मुलगा उतरला.

१९३८ साली आयोवाच्या संघाने अवघा एक सामना जिंकला होता. पुढच्या वर्षी डॉ. एडी अँडरसन प्रशिक्षक म्हणून आले. हाताशी खेळाडू मोजके, त्यामुळे अनेकांना साठही मिनिटे मैदान सोडता येत नसे. लोक त्यांना कौतुकाने ‘लोहपुरुष’ म्हणू लागले. नाइल त्या मोसमात सलग ४०२ मिनिटे खेळला. ११ नोव्हेंबरला बलाढ्य नोत्र दाम संघाचा ७-६ असा पराभव झाला, तेव्हा आयोवाचे सातही गुण एकट्या नाइलचे होते. आठवड्याने मिनेसोटाविरुद्ध अखेरच्या सत्रात नऊ गुणांची पिछाडी असता त्याच्या दोन फेकींनी सामना १३-९ असा फिरवला.

त्या वर्षीची हाइझ्मन ट्रॉफी, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूचा सर्वोच्च मान, त्यालाच मिळाली. न्यूयॉर्क येथील समारंभात तो म्हणाला की, युरोपच्या रणांगणावर नव्हे तर आपल्याकडच्या क्रीडांगणावर झुंजावयास मिळाले, याबद्दल मी ईश्वराचा ऋणी आहे. युरोपात युद्ध पेटून तेव्हा तीनच महिने झाले होते.

व्यावसायिक खेळाचे द्रव्य नाकारून तो कायद्याच्या अभ्यासास लागला आणि तेथेही वरच्या क्रमांकात राहिला. पुढे नौदलाच्या वैमानिक दलात त्याने नाव नोंदविले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या तीनच दिवस आधी त्याला सेवेत रुजू व्हावे लागले. २ जून १९४३ रोजी व्हेनेझुएलाजवळच्या पारिया आखातावर ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू नौकेवरून तो सरावासाठी उडाला असता यंत्रातील तेल गळू लागले. नौकेवर उतरणे अशक्य झाल्याने त्याने विमान समुद्रात उतरविले. मदतीची होडी पोहोचली तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग तेवढा होता. देह सापडला नाही. वय पुरते पंचवीसही नव्हते. पुढच्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ बेन, तोही वैमानिक, पॅसिफिकमध्ये कामी आला.

विद्यापीठाच्या क्रीडागारास नाइलचे नाव द्यावे, अशी सूचना युद्धकाळानंतर पुढे आली. वडिलांनी ती मान्य केली नाही. युद्धात इतक्या घरांचे पुत्र गेले असता एकट्या आपल्या मुलाचेच नाव का कोरावे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन मुलगे गमावलेल्या पित्याने हे म्हणावे, हे मला त्या सर्व विजयांहून थोर वाटते. अखेर १९७२ साली त्यांनी संमती दिली, आणि त्या वास्तूचे नाव किनिक स्टेडियम झाले.