पोवाड्याने काय वाढवले?

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळ्यांनी कडा चढून कोंढाणा घेतला. तानाजी मालुसरे त्या झुंजीत पडले आणि किल्लेदार उदेभान राठोडही मारला गेला. एवढ्या हकिगतीबद्दल फारसा वाद नाही. पण मराठी माणसाला तोंडपाठ असते ते याच्या पुढचे: तानाजीचा मुलगा रायबा याचे लग्न, कड्याला चिकटलेली घोरपड, ऐंशीच्या घरातले शेलारमामा. यातले बहुतेक सगळे पोवाड्याने दिलेले आहे. कागदपत्रांवर विसंबणारा अभ्यासक ही भर बाजूला सारतो आणि उरलेला सांगाडा इतिहास म्हणून मांडतो. घटनेचा शोध घेताना ते योग्यही आहे. मात्र बाजूला सारलेली भर निरुपयोगी ठरवण्यात मोठी चूक होते. ती भर हाही पुरावाच आहे. त्या रात्री काय घडले हे ती सांगत नाही. ते ऐकणाऱ्या समाजाला काय हवे होते, हे ती सांगते.

दोन कथने शेजारी ठेवली की हे ध्यानात येते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली, म्हणजे घटनेला तोवर जेमतेम एक पिढी उलटली होती. त्याचा मजकूर त्रोटक आहे. निवडक मावळे माकडासारखे कडा चढतात, झुंज होते, दोन्ही सरदार पडतात, तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड काबीज करतो. याउलट तुलसीदास शाहिराचा पोवाडा गोंधळ्यांच्या तोंडून चालत आला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहात तो आला. या पोवाड्यात गोष्ट गडावर सुरूच होत नाही. जिजाऊ प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, राजगडावरून शिवरायांना बोलावून घेतात, सारीपाट मांडतात, डाव जिंकतात आणि तो गड मागतात. निरोप पोचतो तेव्हा तानाजीच्या घरी लग्नाची गडबड चाललेली असते. गडावरचा उदेभान तर माणूस कमी आणि राक्षस जास्त. त्याचा आहारच ऐकणाऱ्याचे डोळे पांढरे करणारा.

आता यातली प्रत्येक भर काय काम करते ते पाहावे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. १६७० मध्ये औरंगजेबाशी पुन्हा बिनसल्यावर ते परत घेण्याची मोहीम सुरू झाली. हे राजकारण जत्रेत बसलेल्या कुणब्याला कसे सांगणार? तह, कलमे, मनसब यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. पण आईने मुलाकडे काही मागितले आणि मुलाने शब्द पाळला, हे त्याला न समजावताही कळत होते. सारीपाटाचा डाव तहाच्या जागी येतो तो यासाठी. रायबाच्या लग्नाचेही तसेच. सरदार लढताना मेला ही बातमी झाली; त्याने काय सोडून जीव दिला हे कळले की तिची कथा होते. आणि घरचे कार्य टाकून जाणे म्हणजे काय, हे मांडव घातलेल्या प्रत्येक घराला ठाऊक असते. शेलारमामांचे काम आणखी निराळे. सेनापती पडल्यावर फौज पळते, हा त्या काळच्या लढायांचा नेहमीचा अनुभव. बखरीत हा प्रसंग सूर्याजी निभावतो, पोवाड्यात घरातला सर्वांत म्हातारा माणूस पुढे होऊन भाच्याचा सूड घेतो. धाकट्या भावाने नेतृत्व सांभाळणे हा लष्करी तपशील झाला. म्हाताऱ्याने तलवार उचलणे ही ऐकणाऱ्या तरुणांना दिलेली चपराक आहे.

ही करणी एकट्या मराठी शाहिराची नाही. इ. स. ७७८ मध्ये शार्लमेनच्या परतणाऱ्या फौजेच्या पिछाडीवर पिरेनीज पर्वतात बास्क लोकांनी छापा घातला, असे त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. सुमारे तीन शतकांनी रोलाँ या वीरावरच्या फ्रेंच वीरगीतात त्याच छाप्याचे मुसलमान फौजेशी झालेले महायुद्ध बनले, कारण तो काळ धर्मयुद्धांचा होता. १९३० च्या दशकात मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातल्या वीरगीतगायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांना आढळले की गायक पाठ म्हणत नाही. ठरीव शब्दबंध आणि ठरीव प्रसंग हाताशी धरून तो दर वेळी श्रोत्यांसमोर गाणे नव्याने उभे करतो. डफ, तुणतुणे आणि मागे झीलकरी घेऊन उभा राहणारा शाहीरही श्रोत्यांचा रंग पाहूनच कुठे थांबायचे आणि कुठे ताणायचे ते ठरवतो. ज्या प्रसंगाला गर्दी हलते तो वाढतो, ज्याला जांभया येतात तो गळतो. म्हणून अनेक पिढ्यांच्या तोंडून आलेल्या पोवाड्यावर श्रोत्यांच्याही सह्या असतात.

यावर पहिला आक्षेप असा, की पोवाडा ही आश्रयदात्याची स्तुती आहे. त्यात समाजाचे मन कुठले? आक्षेपात तथ्य आहे. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अगिनदासाने जिजाऊंच्या आज्ञेवरून रचला आणि त्याला घोडा व सोने बक्षीस मिळाले, असे परंपरा सांगते. पेशवाईत अनंत फंदी, प्रभाकर यांच्यासारख्या शाहिरांवर दरबाराची मर्जी होती. पण बिदागी मिळते ती रचण्याची; पुढच्या शे-दोनशे वर्षांच्या गाण्याची नव्हे. दरबार बुडाल्यावरही जे पोवाडे गावोगाव टिकले, ते कोणाच्या मर्जीवर? शिवाय शाहिरांनी १७६१ च्या पानिपतावरही पोवाडे रचले. पराभव गाऊन मागायचे दुसरेतिसरे कोणते बक्षीस असणार? हजारो घरांतली माणसे गेली होती, त्या दुःखाला सर्वांनी मिळून बसायची जागा हवी होती, ती पोवाड्याने दिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा कथा खोटा इतिहास रुजवतात. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना बखरींच्या चुकांवर कोरडे ओढले, ते आवश्यकच होते. गड आला पण सिंह गेला, आणि त्यावरून कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही माहीत असते. प्रत्यक्षात सिंहगड हे नाव शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात, म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या सात वर्षे आधीच आढळते. कागदापुढे कथा इथे हरली, आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण म्हणून प्रश्न संपत नाही, उलट नवा सुरू होतो: आधीपासून असलेले नाव लोकांना या मृत्यूशी जोडावेसे का वाटले? कागद तारीख देतो, या प्रश्नाचे उत्तर तो देऊ शकत नाही. एका मावळ्याच्या मरणाने राजाच्या गडाला नाव मिळावे, एवढा मान त्याला मिळावा, ही इच्छा त्या चुकीच्या पोटात आहे.

प्रत्येक काळाने वीरकथा आपापल्या इच्छेप्रमाणे वाकवली. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, त्यात कष्टकरी कुळवाड्यांचा राजा उभा आहे. १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला, तिथे परक्या सत्तेविरुद्ध देश जागवणारा राजा हवा होता. अण्णा भाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धात हाच डफ स्टालिनग्राडच्या लढवय्यांसाठी वाजवला. तानाजीवर बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूकपट काढला, प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये बोलपट काढला, आणि २०२० मध्ये हिंदी पडद्यावर तो पुन्हा आला. हे सगळे तानाजी एक नाहीत, आणि ते एक असावेत असा आग्रह धरणेच धोक्याचे. वीरकथा घातक ठरते ती कल्पना करते म्हणून नाही. आपणच दस्तऐवज आहोत असा दावा कोणी तिच्या वतीने करू लागला आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू लागला, की ती घातक होते. म्हणून पोवाडा ऐकताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. काय घडले, हे कागदाला विचारावे. ते कोणाला, केव्हा आणि कशासाठी असे ऐकायचे होते, हे पोवाड्याला विचारावे. दुसऱ्या प्रश्नासाठी त्याच्याइतका जुना आणि बोलका साक्षीदार मराठी समाजाजवळ क्वचितच दुसरा असेल.