ब्रेक्झिट आणि आयरिश सीमाप्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनमधील सुमारे ५२ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडने मात्र जवळपास ५६ टक्के मतांनी संघात राहणे पसंत केले. या विसंगतीच्या परिणामांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ब्रिटन व आयर्लंड १९७३ मध्ये एकाच वेळी युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. १९९३ च्या एकल बाजारपेठेमुळे त्यांच्या सीमेवरील जकात तपासणी संपली आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर लष्करी चौक्याही टप्प्याटप्प्याने हटल्या. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटनने संघ सोडल्याने या व्यवस्थेचा पायाच निखळला. भूसीमेवर पुन्हा नाकी उभारणे शांततेस घातक ठरले असते. म्हणून ग्रेट ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी उत्तर आयर्लंडच्या बंदरांवर करण्याचे ठरले. परिणामी एकाच देशाच्या दोन भागांत व्यापारी सीमा निर्माण झाली. तिच्या निषेधार्थ डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांतिक सरकारातून बाहेर पडला. २०२३ च्या विंडसर आराखड्यानंतरही हे सरकार पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला.

सारांश, संघत्यागाने सीमेचा प्रश्न सुटला नाही, तो केवळ जमिनीवरून समुद्रावर गेला. आणि त्याची राजकीय किंमत संघत्यागास नकार देणाऱ्या प्रदेशालाच मोजावी लागली.