देशी बुद्धिबळ : चालींवरील निर्बंध

पटावरील सैन्याच्या हालचालींना आंतरराष्ट्रीय नियमांहून अधिक बंधने घालणारी जुनी भारतीय पद्धत. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. त्यामुळे चढाईपूर्वी मोर्चेबांधणीला वेळ मिळतो. राजाला किल्लेकोट करता येत नाही. मात्र शह बसण्यापूर्वी तो एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेऊ शकतो. पलीकडच्या शेवटच्या पट्टीत पोचलेल्या प्याद्याला सामान्यतः त्या घरच्या मोहऱ्याचेच रूप मिळते. स्थानपरत्वे नियम बदलत. या पद्धतीत तयार झालेल्या मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश विजेतेपद पटकावले. आज स्पर्धांत आंतरराष्ट्रीय नियमच पाळले जातात.